नटबोल्टांवरची लाल रेघ

माझ्या नखांना लाली लागली ती लग्नात, तेवढीच. पण आमच्या घरात नेलपॉलिशची बाटली कधी संपू दिली नाही आम्ही. तीही लालच हवी. दुकानातली बाई एकदा म्हणालीच, "ताई, तुमच्या नखांवर तर काही दिसत नाही, मग लावता कुठे एवढी?" काय सांगणार तिला? आमचे हे मोटरसायकलला लावतात म्हणून सांगू? बायकोची नखं उघडी आणि गाडीला नट्टापट्टा, असं माझी जाऊ म्हणायची.

हे साबणाच्या कारखान्यात होते. वड्यांना कागद गुंडाळणाऱ्या मशीनवर उभं आयुष्य गेलं. पहिली मोटरसायकल घेतली तेव्हा दादू माझ्या पोटात होता. गाडी नवी, मग सर्व्हिसिंग शोरूमलाच द्यायचं, असं तिथल्या लोकांनी सांगितलं आणि ह्यांनी ऐकलं. पण दर वेळी गाडी धुऊन चकचकीत होऊन यायची आणि चेनची खरखर होती तशीच. ह्यांना संशय आला. बोलले काही नाहीत. पुढच्या वेळी गाडी द्यायच्या आदल्या दिवशी माझी लग्नातली बाटली मागितली, अंगणात फतकल मारून बसले आणि चाकाच्या, ब्रेकच्या, चेनच्या एकेका नटावर बारीक लाल रेघ ओढली. अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. म्हणजे नट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडणार.

संध्याकाळी गाडी आणायला मी पण गेले होते. बिलावर सगळं लिहिलेलं: चाकं खोलून साफ केली, ब्रेक खोलला, चेन बदलून ताणली. आणि रेघा? एकही मोडली नव्हती. अहो, ज्या माणसाने कधी रिक्षावाल्याशी हुज्जत घातली नाही, त्याने मॅनेजरचं मनगट धरून त्याला गाडीपाशी आणून उकिडवा बसवला. तो म्हणतो कसा, "साहेब, मुलांची नजरचूक झाली असेल." हे म्हणाले, "सगळ्यांच्या डोळ्यांत एकदम फूल पडलं का?" आजूबाजूचे लोक हसले. मला काय अभिमान वाटला होता तेव्हा, विचारू नका.

त्या दिवसापासून आमच्या गाडीने शोरूमचं तोंड पाहिलं नाही. हे सगळं स्वतः शिकले. एक बिघडवायचे, दुसरं जमायचं, असं करत करत हात बसला. मग गल्लीतल्या गाड्या यायला लागल्या. रविवार म्हटला की आमच्या अंगणात पोतं अंथरलेलं, त्यावर पाने-पक्कड मांडलेले, आणि मी चहाचं आधण ठेवून ठेवून कंटाळलेली. ह्यांचा एक मंत्र होता, तो गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होता: "पहिले दोन आटे बोटांनी." म्हणजे बोल्ट बसवताना आधी पान्याला हात लावायचा नाही. बोटांच्या टोकांनी फिरवायचा. तिरका शिरत असेल तर बोटांना लगेच कळतं, तो खरखरतो, अडतो. पान्याला काही कळत नाही, तो तिरक्यालाही दामटून बसवतो आणि वरून घट्ट झाल्यासारखा वाटतो. हे डोळे मिटून बोल्ट फिरवायचे. मग पाना, आणि मग लाल रेघ. रेघ मारली की काम झालं, मग त्यावर कोणी बोलायचं नाही.

शेजारचे मास्तर एकदा म्हणाले, "अहो, सगळेच शोरूमवाले चोर नसतात." ह्यांनी उत्तर तयारच ठेवलेलं. "नसतीलही. पण कोण चोर न् कोण साव हे बघत बसायला माझ्याकडे पोरगा एकच आहे." सगळे हसले. मी पण हसले. जीभ झडायला हवी होती ह्यांची तेव्हा.

मग ह्यांना साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पायांना जपा म्हणाल्या, अनवाणी फिरू नका. ते ह्यांनी ऐकलं. हातांचं मात्र कोणाला कळूच दिलं नाही. मला कळलं ते वासावरून. मी पायरीवर बसून शेंगा सोलत होते. हे गाडीवरून नुकतेच आले होते आणि वाकून दादूला चेन किती ढिली ठेवायची ते दाखवत होते. मला जळका वास आला. म्हटलं, गॅसवर काही राहिलं की काय. वळून बघते तर ह्यांचा डावा हात तापलेल्या सायलेन्सरला टेकलेला, कातडीला फोड येतोय, आणि हे आपले दादूला चेनचं सांगताहेत. चेहऱ्यावर दुखल्याची रेष नाही.

मी किंचाळले, "अहो, हात!"

ह्यांनी हात उचलून बघितला, आणि पँटला पुसला. "ग्रीस आहे," म्हणाले. "त्यात एवढं ओरडायला काय झालं?" दादूने माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर ह्यांच्या शर्टाची बटणं मीच लावायला लागले. ते हात वर करून उभे राहायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. एकदा मी विषय काढला. म्हटलं, गाड्यांचं आता बंद करा, हाताला कळत नाही तर कशाला? तर माझ्यावरच उखडले. "बोटं बधिर झाली म्हणून अक्कल बधिर झाली नाही माझी." सुंभ जळला तरी पीळ जायचा नव्हता. कारखाना सुटल्यावर त्या माणसाकडे दुसरं होतं तरी काय? सकाळचा पेपर आणि रविवारचं पोतं.

दादू तोवर कमावता झाला होता. लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने आणायचा. दिवसभर गाडीवर. स्वतःची नवी मोटरसायकल घेतली होती त्याने, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेकवाली. एका दुपारी स्वयंपाकघरात आला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि हळूच म्हणाला, "आई, पुढचा ब्रेक शोरूममध्ये करून घेतला. बाबांना बोलू नकोस."

"का रे? बाबा काय मेलेत?" मी फणकारले. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा तोंडातून गेलं तेच.

"आई, बाबांना बटण लागत नाही शर्टाचं," तो म्हणाला.

पण ह्यांच्यापासून गाडीतलं काही लपतं का! रविवारी पोतं अंथरलं, दादूच्या गाडीपाशी बसले आणि चष्मा पुसून बघतात तर ब्रेकचा ठोकळा धरणाऱ्या दोन बोल्टांवर पिवळा ठिपका. शोरूमवाले पण खूण करतात म्हणे आता. त्यांच्याकडे आकड्यांचा पाना असतो. हवा तेवढा जोर झाला की कट् वाजतो, आणि मग ते पिवळा रंग लावतात.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"बाबा, शोरूममध्ये केलं. चांगला माणूस आहे तिथला. मी समोर उभा राहून करून घेतलं."

"पूर्ण वेळ समोर होतास?"

"हो."

"चहाला पण गेला नाहीस?"

दादूला खोटं बोलता यायचं नाही, माझ्यावर गेलाय. "पाच मिनिटं गेलो असेन."

"मग त्याच पाच मिनिटांत," हे म्हणाले आणि पान्याला हात घातला.

मी दारातून दादूला डोळ्यांनी खुणावत होते, अरे अडव, बोल काहीतरी. तो माझ्याजवळ आला आणि पुटपुटला, "असू दे आई. करू दे त्यांना. बाकी काय राहिलंय त्यांच्याकडे?" माझ्या मनातलंच बोलला, म्हणून मीही आत वळले. खिडकीतून बघत होते. ह्यांनी दोन्ही बोल्ट काढले, सगळं साफ केलं, परत लावलं. "पहिले दोन आटे बोटांनी," स्वतःशीच म्हणाले. वरचा बोल्ट बसला. खालचा बोटांतून सुटला, पोत्यावर पडला. उचलला, परत सुटला. तिसऱ्यांदा शिरला. मग पाना लावून असा आवळला की मानेच्या शिरा फुगल्या. पिवळे ठिपके पेट्रोलच्या फडक्याने पुसले आणि लाल रेघा ओढल्या. माझी खात्री आहे, त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

पुढच्याच आठवड्यात ते झालं. पाण्याच्या टाकीकडून खाली येणारा उतार आहे, तिथे एक म्हातारी आडवी आली म्हणून दादूने पुढचा ब्रेक दाबला. खालचा बोल्ट निघून पडलेला होता. ब्रेकचा सगळा ठोकळा गर्रकन फिरून चाकात अडकला, गाडी जागच्या जागी उलटली आणि मागून येणाऱ्या टेम्पोचं चाक त्याच्या पायावरून गेलं. म्हातारीला ओरखडाही नाही. दादूचा डावा पाय डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला. सही ह्यांनी केली. पेन मी बोटांत धरून दिलं.

दादू शुद्धीवर आल्यावर माझ्या भावाने त्याला विचारलं, "कसं झालं रे?" दादू म्हणाला, "मामा, ब्रेक शोरूमला केला होता." एवढंच. त्यातला एक शब्द खोटा नव्हता, आणि तरी ते खोटं होतं. मी त्याच्या उशाशी होते, हे पायथ्याशी. कोणीच पुढे काही बोललं नाही.

माझा भाऊ म्हणजे आधीच भडक माथ्याचा, त्यात भाच्याचा पाय गेलेला. चार माणसं घेऊन शोरूमवर गेला. काच फोडली, आणि ज्याने ब्रेक केला होता त्या मेकॅनिकला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. मॅनेजर घाबरला. मेकॅनिकला त्याच दिवशी घरी बसवलं, आणि कायमचं काढतो असं कबूल केलं. भाऊ हॉस्पिटलात येऊन सांगत होता, "ताई, सोडणार नाही त्याला. परत कुठे पाना धरता येणार नाही अशी तक्रार करतो."

आणि गल्ली! गल्लीतला एकेक जण येऊन ह्यांचा हात हातात घ्यायचा. "काका, तुम्ही बरोबर होतात हो. एवढी वर्षं सांगत होतात, आम्हीच ऐकलं नाही." मास्तरसुद्धा आले, मान खाली घालून म्हणाले, "हरलो मी." हे खुर्चीत बसून ऐकायचे. ना हो, ना नाही. जेवणाचं ताट तसंच परत यायचं.

गाडी टेम्पोत घालून भावाने आमच्याच अंगणात आणून टाकली, पुरावा म्हणून. दुपारची वेळ होती. मी हॉस्पिटलचा डबा भरत होते. ह्यांनी बाहेरून हाक मारली, "अगं, जरा ये." जाऊन बघते तर पोतं न अंथरताच जमिनीवर बसलेले. ब्रेकचा ठोकळा एका बोल्टवर लोंबत होता. त्या वरच्या बोल्टवर लाल रेघ अख्खी. खालचं भोक रिकामं, आणि त्याच्या कडेला लाल रेघेचा अर्धा तुकडा राहिलेला. उरलेला अर्धा बोल्टच्या डोक्यावर, कुठल्या तरी रस्त्यावर पडलेला.

हे त्या भोकात बोट घालत होते, काढत होते, परत घालत होते. म्हणाले, "मला लागत नाही काही. तू बोट घालून सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळेल. बटण वाकडं काजात शिरलं की कसं लागतं, तसं लागतंय का? आटे सरळ गोल फिरताहेत, का एका बाजूने कापल्यासारखे झालेत?"

मी करंगळी घातली. आत सरळ काही नव्हतंच. एका बाजूने तिरका चर पडला होता आणि त्याची कड माझ्या बोटाला टोचत होती. एवढं आंधळ्यालाही कळलं असतं. फक्त ज्याला आयुष्यभर कळत होतं त्याला कळत नव्हतं.

"सरळ आहेत," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघत राहिले. मी मान वळवली, पण एवढ्या वर्षांचा संसार, माझं तोंड काय त्यांनी आज बघितलं होतं? मग मला राग आला. कोणाचा ते नका विचारू, ह्यांचा, माझा, त्या मेल्या गाडीचा. मी आत गेले, पेट्रोलचं फडकं घेऊन आले आणि ती अर्धी रेघ पुसायला वाकले. रेघ गेली की झालं. कोण बघायला बसलंय? पोराचा पाय गेला, आता निदान बापाचं तोंड तरी त्याच्यासमोर वर राहू दे, एवढंच मला कळत होतं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. जोर किती लागतोय याचा अंदाज त्यांना नव्हता, माझ्या बांगडीचा वळ उठला. "राहू दे," म्हणाले. "त्या मेकॅनिकचंही घर असेल."

"आणि आपलं?" मी ओरडले. "दादूला काय वाटेल?"

"दादूने कोणाला वाचवायला तसं सांगितलं, ते मला कळतं गं," हे म्हणाले. मग मला रडूच फुटलं.

तो ठोकळा काढून कापडात गुंडाळून आम्ही शोरूमला गेलो. फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला. मॅनेजर नवा, पोरसवदा. आम्हाला बघून तो खुर्चीवरून उठलाच, त्याला वाटलं परत मारायला आले. ह्यांनी कापड सोडलं आणि सांगितलं, सरळ, एका दमात: तुमच्या माणसाने नीट केलं होतं, मी उघडलं, मी लावलं, बोल्ट तिरका शिरला, ही माझी रेघ. मॅनेजर घाईघाईने ठोकळ्याचे फोटो काढायला लागला. वाईट वाटायला त्याला सवडच नव्हती. एक कागद पुढे केला, ह्यांनी सही केली.

मेकॅनिकला फोन करून बोलावून घेतलं होतं. पन्नाशीचा माणूस, गालावर अजून निळं. त्याने ठोकळा हातात घेतला, पहिल्यांदा काय केलं तर त्या भोकात बोट घातलं. लगेच काढलं. मला वाटलं आता शिव्या देईल, द्यायलाच हव्या होत्या.

"काका, मी नीट आवळलं होतं," तो म्हणाला. "का उघडलंत?"

"तुमची खूण होती," हे म्हणाले. "माझी नव्हती."

ह्यांनी हात जोडले, त्याने नुसती मान हलवली आणि आत निघून गेला. त्याची नोकरी राहिली. ज्यांनी ह्यांचे हात हातात घेतले होते त्यांनी मात्र आमच्या दारावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरली. भाऊ बोलायचा बंद झाला. मास्तरांनी आपली गाडी गुपचूप शोरूमला नेऊन सगळे बोल्ट तपासून घेतले, हे मला त्यांच्या बायकोनेच सांगितलं.

शोरूममधून आम्ही तसेच हॉस्पिटलात गेलो. दादू जागा होता. हे खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, जिथे आता एकाच पायाचा उंचवटा होता, आणि म्हणाले, "मी शोरूमला सांगून आलो."

दादूने डोळे मिटले. "कशाला सांगितलंत, बाबा?"

"ते खरं होतं म्हणून."

डोळे उघडून तो छताकडे वळला. मग म्हणाला, "दोन दिवस ब्रेक दाबला की टकटक वाजत होतं."

माझा तोल गेला. "वाजत होतं? मग मेल्या, दाखवली का नाहीस? शोरूमला का नाही नेलीस?"

"नेणार होतो, आई. दारापर्यंत गेलो होतो." तो ह्यांच्याकडे न बघता बोलत होता. "पण त्यांनी उघडलं असतं तर बाबांची रेघ मोडली असती. रविवारी बाबांना दिसलं असतं."

मी पदर तोंडात कोंबला. हे तसेच खाली बसले, चादरीत हात घातला आणि दादूचा उरलेला पाय दोन्ही हातांनी धरला. तळवा चोळत होते, बोटं चोळत होते, परत तळवा. मग माझ्याकडे वळले.

"थंड आहे का गं पाय?" त्यांनी विचारलं. "मला लागत नाही."

मी वाकून हात ठेवला.

"गरम आहे," मी म्हणाले.

"खरं सांग."

"खरं," मी म्हणाले, आणि त्यांचे हात तिथेच राहू दिले.